पांढऱ्या दोऱ्याची डबी

१

डब्या दोन यायच्या होत्या. टेबलावर तीन होत्या.

चन्नपट्टणच्या, लाखेच्या, कुंकू ठेवायला घेतात तशा लहानशा डब्या. प्रत्येकीत बोटाच्या पेराएवढा एक पेन ड्राइव्ह. एकीला लाल दोरा बांधलेला, दुसरीला पिवळा. दोन दिग्दर्शकांनी आपापला दोरा निवडला होता, आणि कुणाचा कुठला हे त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. तिसरीला पांढरा दोरा होता. तो कुणीच निवडला नव्हता.

“आणि तीच सगळ्यांत चांगली निघाली,” जगन्नाथराव म्हणाले. “आता काय करू सांगा, नागरत्नाबाई. चोर घरात शिरला, काही नेलं नाही, उलट ठेवून गेला.”

म्हैसूरच्या नजरबादेत जगन्नाथरावांच्या घरामागे मोटारीचं जुनं गॅरेज होतं. त्याला जाड पडदे लावून त्यांनी सिनेमा बघायची खोली केली होती. बाहेर पौषातली सकाळ होती. धुकं अजून झाडांच्या अंगावरून उतरलं नव्हतं. आत अंधार होता, आणि अंधाराला जुन्या गालिचाचा वास होता. नागरत्नाबाईंना वाटलं, आपण जाग्या होऊन इथं आलो की झोपेतूनच चालत आलो.

जगन्नाथरावांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. त्यांनी स्वतः मात्र उभा जन्म एका खोट्या माणसाच्या रखवालीत घालवला. त्या माणसाचं नाव मार्तंड. कन्नडमधला हा हेर नऊ सिनेमांतून गेला होता. नट बदलले, दिग्दर्शक बदलले, प्रेक्षकांचे केस पिकले. मार्तंड होता तसाच. मागच्या खेपेला मात्र दिग्दर्शकाची निवड चुकली. त्या सिनेमात मार्तंडनं इतक्या काचा फोडल्या की तो हेर आहे का भंगारवाला, असं लोक विचारू लागले.

म्हणून या वेळी त्यांनी परीक्षा ठेवली. प्रसंग एकच, खोली एकच, नट तेच, फक्त दिग्दर्शक वेगळा. ज्यानं त्यानं आपल्या दिवशी प्रसंग चित्रित करायचा, आपल्या घरी नेऊन जोडायचा आणि डबीतून पाठवायचा. वर नाव नाही. “नाव कळलं की माणूस नाव बघतो, पडदा बघत नाही,” असं त्यांचं म्हणणं.

“उद्या संध्याकाळपर्यंत मी नाव दिलं नाही,” जगन्नाथराव म्हणाले, “तर बेंगळुरूचे भागीदार दोघांतल्या श्रीवत्सचं नाव जाहीर करणार. करारच तसा आहे. मग मार्तंड गेला माझ्या हातून. आणि हा पांढरा दोरा कुणाचा ते कळल्याशिवाय मी नाव तरी कुणाचं देऊ?”

“मिस, तुम्ही तेवढं बघाच,” सौम्या म्हणाली. ही जगन्नाथरावांची मुलगी. निर्मितीचा सगळा कारभार तिच्याकडे. शाळेत नागरत्नाबाईंनी तिला भूगोल शिकवला होता. निवृत्त झाल्यावरही बाईंच्या कुवेंपुनगरच्या घरी संध्याकाळी पायऱ्यांवर मुलं नकाशे घेऊन बसत. आणि मार्तंडचा प्रत्येक सिनेमा बघून आल्यावर त्या जगन्नाथरावांना न चुकता कळवत, की अमुक ठिकाणी सूर्य पश्चिमेला उगवलाय.

“आधी काय दिसतं ते बघू,” नागरत्नाबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. “काय वाटतं ते मागून. लाव गं पांढरी.”

२

पडद्यावर एक रिकामी खोली आली.

बराच वेळ तीच होती. लाकडी बाक, भिंतीत कोनाडा, कोनाड्यात चामुंडीचं चित्र, एक खिडकी. काही घडत नव्हतं, पण नजर हलवावीशी वाटत नव्हती. मग त्याच खोलीत एक म्हातारी बसलेली दिसली. पुढ्यात सूप, सुपात अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे हिरवे दाणे. ती एकेक दाणा चिमटीत दाबून सोलत होती. दारातून मार्तंड आला. बसला. म्हातारीनं विचारलं, माझा मुलगा कसा आहे? तो म्हणाला, बरा आहे, कामात आहे. आवाज लांबून येत होते, पाण्याखालून आल्यासारखे.

मुलगा मेलेला होता. हेराचा सोबती हेरच. त्याचं मरण कुणाला सांगायची परवानगी नव्हती. प्रसंग एवढाच होता.

मार्तंड उठला. दाराकडे गेला. गेला.

म्हातारी त्या दाराकडे बघत राहिली. तिचा हात दाण्यांत थांबला. चेहऱ्यावर आधी नुसतं वाट बघणं होतं. मग तिथं काहीतरी विझलं. मग ती जमिनीवर सांडलेले दाणे वेचू लागली, एकेक, सावकाश. आणि संपलं.

नागरत्नाबाईंनी पदरानं डोळे टिपले. सौम्या दुसरीकडे बघत होती. जगन्नाथराव खाकरले.

“का रडलो आपण?” नागरत्नाबाईंनी विचारलं. “त्यानं तर सांगितलंच नाही.”

“तेच की! त्या दोघांच्या सीनमध्ये कुणी रडलं नाही. श्रीवत्सनं मागं व्हायोलिन वाजवलंय, तरी नाही.”

“म्हणजे श्रीवत्सचा दोरा कुठला ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“अय्यो, व्हायोलिन म्हटलं की श्रीवत्सच तो,” जगन्नाथराव ओशाळून म्हणाले. “लाल.”

नागरत्नाबाई हसल्या. “पुन्हा लावा. आणि डोळे पुसून बघा. ही खोली कुठून दिसते?”

सौम्यानं लावलं. या वेळी तिच्या लक्षात आलं तशी ती सरळ बसली. “मिस… एकाच जागेवरून. शेवटपर्यंत. जवळ जात नाही, लांब जात नाही.”

“आणि ती जागा कुठली?”

“कोपरा,” जगन्नाथराव हळूच म्हणाले. “आमचा कोपऱ्यातला कॅमेरा.”

ही त्यांची जुनी पद्धत होती. मुख्य कॅमेरा दिग्दर्शकाचा. पण कोपऱ्यात तिकाटण्यावर दुसरा एक उभा करायचा आणि सकाळी सुरू केला की दिवे मालवेपर्यंत चालू ठेवायचा. पहिल्या सिनेमाच्या वेळी एक चांगला क्षण हातचा गेला, तेव्हापासूनची ही सवय. नव्या दिग्दर्शकांना ते म्हाताऱ्याचं खूळ वाटे. त्यातलं कुणी बघत नसे.

“आता दारातून तो जातो तिथं थांबव,” नागरत्नाबाई म्हणाल्या. “जमिनीवर काय आहे?”

“ऊन. खिडकीच्या गजांची सावली.”

“खिडकी पूर्वेची. म्हणजे सकाळ. आता पुढं जा. ती दाणे वेचायला वाकली. ऊन कुठंय?”

जमिनीवर ऊन नव्हतं. खोलीत मऊ, पसरट उजेड होता. समोरच्या पांढऱ्या कुंपणभिंतीवर पडून परत आलेला, माथ्याकडून झिरपणारा.

“दुपार,” सौम्या पुटपुटली.

“तो उंबरा ओलांडेपर्यंत सकाळ होती, आणि त्याची पाठ वळताच दुपार झाली. मला सांगा जगन्नाथराव, सकाळी काम कुणी केलं होतं?”

“श्रीवत्सनं. त्याला दुपारी बेंगळुरू गाठायचं होतं.”

“आणि दुपारी?”

“दुसऱ्या दिवशी, हरिणीनं. दुसरी दिग्दर्शिका ती.”

प्रसंग दोघांच्या दोन दिवसांतून गोळा केलेला होता. त्या दोघांच्या पाठीमागून कुणीतरी हे उचललं होतं.

३

श्रीवत्स हॉटेलच्या व्हरांड्यात दोन फोन पुढ्यात घेऊन बसला होता. त्याला मराठी येत नव्हती, तेव्हा बोलणं कन्नडात झालं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा तांबडा झाला.

“माझ्या सेटवरचं? माझ्या परवानगीशिवाय? मॅडम, याला चोरी म्हणतात. भागीदारांना आत्ता सांगतो मी.”

“सांगा की. पण आधी एवढं सांगा, कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यातलं तुम्ही काही बघितलं होतं का?”

“ते कशाला बघू? मी म्हातारीच्या समोर उभा होतो ना.”

नागरत्नाबाईंनी मान हलवली. हा माणूस तापट होता, पण खोटं बोलत नव्हता. स्वतःच्या कामाला स्वतःच्या नावाशिवाय सोडील, असाही नव्हता.

हरिणी कारंजी तलावाच्या काठी भेटली. धुकं पाण्यावरून सरकत होतं आणि त्यातून एखादा बगळा कुणी हळूच पुसून टाकावा तसा नाहीसा होत होता. हरिणीनं दोनच सिनेमे केले होते, छोटे, पण लोकांच्या लक्षात राहिलेले. ती कुवेंपुनगरातलीच, तिच्या मराठीत मध्येच कन्नड येई आणि शब्द सापडेना की इंग्रजी.

“पिवळा माझा आहे, आंटी. पांढरा माझा असता तर मी सोडला असता का? दाखवाल मला?”

बाईंनी सौम्याचा फोन पुढे केला. हरिणीनं उभ्या उभ्या बघितलं. संपल्यावर ती ओल्या बाकावर तशीच बसली.

“हे दाणे सांडले होते माझ्या ब्रेकमध्ये. मी समोर बसून डबा खात होते. भागीरथीअम्मा वेचत होत्या, आणि मी त्यांना म्हटलं, सोडा हो, आम्ही झाडून घेऊ.” तिनं फोन परत दिला. “मी बघत होते त्यांच्याकडे, आंटी. मला दिसलंच नाही.”

“राग आला?”

“आला. कुणावर ते कळत नाही.”

परतताना स्कूटरवर मागून नागरत्नाबाई म्हणाल्या, “सौम्या, ते कोपऱ्यातलं चित्रण राहतं कुठं?”

“आमच्या ऑफिसच्या मशीनमध्ये.”

“किल्ली?”

स्कूटर जराशी डुगडुगली. “एक माझ्याकडे, मिस. म्हणजे माझ्यावर येणार का हे?”

“तुला दिग्दर्शन करायचंय का?”

“मला? तुमच्या भूगोलात मी कशीबशी पास झाले! मी माणसं जेवायला घालते, गाड्या पाठवते. तेच बरं आहे.” मग तिनं सांगितलं, “दुसरी किल्ली रक्षितअण्णाकडे असते.”

४

रक्षित परीक्षेतला तिसरा होता. पण त्यानं माघार घेतली होती.

मार्तंडच्या कित्येक सिनेमांत तो सहायक दिग्दर्शक होता. चित्रण संपलं, सगळे घरी गेले, की तो एकटा बसून साऱ्या तुकड्यांतून चांगले तुकडे वेगळे काढून ठेवी, आणि सकाळी दिग्दर्शक येऊन त्यांतून निवडी. या वेळी प्रथमच त्याला स्वतःचा दिवस मिळाला होता. आधी श्रीवत्स, मग हरिणी, मग तो. पण आपल्या दिवशी सकाळी त्यानं सगळ्यांना परत पाठवलं. मला जमायचं नाही, एवढंच म्हणाला. त्याच दिवशी मावळताना भुवन, मार्तंडची भूमिका करणारा नवा नट, हैदराबादला निघून गेला.

“भ्याला की काय?” नागरत्नाबाईंनी विचारलं.

“अप्पा तसंच म्हणतात,” सौम्या म्हणाली. “मला नाही वाटत.”

भागीरथीबाईंचं घर वाटेतच होतं. मार्तंडच्या सिनेमांतून आई, आजी, पुजारीण, एकदा तर परदेशी हेरीण, सगळं त्यांनी केलं होतं. त्यांनी दारातच बाईंचा हात धरला.

“ये गं नागरत्ना. माझ्याच अभिनयाची चोरी झाली म्हणे! म्हातारपणी काय काय ऐकायचं.” फोनवर प्रसंग बघताना त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. “ही मी? मी असं कधी केलं? मी तर…” आणि त्या एकदम हसायला लागल्या. “अय्यो रामा! हा तो भुवन वाक्य विसरला तेव्हाचा!”

“कुठलं वाक्य?”

“शेवटचं. ‘होगि बर्तीनि अम्मा.’ जाऊन येतो म्हणून निरोप घ्यायचा, मग मी म्हणायचं ये हो बाळा. तर त्या दिवशी श्रीवत्सकडे त्या पोराचं ध्यान कुठं होतं कुणास ठाऊक, उठला आणि सरळ चालता झाला. मी आपली वाट बघत बसलेय, आता म्हणेल, मग म्हणेल. तेवढ्यात श्रीवत्स ओरडला ‘कट’ म्हणून. मग पुन्हा केलं सगळं.”

“म्हणजे तुझ्या चेहऱ्यावर आहे ते…”

“वाक्याची वाट बघणं आहे गं. दुसरं काय असणार?”

पण नागरत्नाबाईंच्या अंगावर काटा आला होता. निरोप न घेता घरातून कोण उठतं? मयताच्या घरी भेटायला आलेला माणूस. तो ‘येतो’ म्हणत नाही; घरचे ‘या’ म्हणत नाहीत. तशा कारणानं पुन्हा येणं कुणालाच नको असतं. लहान मुलालाही घरात शिकवलेली ही गोष्ट. पडद्यावरची आई म्हणूनच समजली होती. मार्तंडनं तोंडानं काही सांगितलं नाही, पण तो मयताच्या घरातून उठावं तसा उठला होता. आणि बघणारा प्रत्येक जण आईच्याबरोबरच समजला होता, का ते न कळता.

भुवननं ते ठरवून केलं नव्हतं. भागीरथीबाईंनी केलं नव्हतं. श्रीवत्सनं तर कापून टाकलं होतं. मग ते बघितलं कुणी?

“भागीरथी, मला जरा पडू दे,” बाई म्हणाल्या, आणि तिथंच बाकावर कलंडल्या.

दुपारची झोप पातळ असते. त्या झोपेत त्यांना ती रिकामी खोली दिसली. उजेड जमिनीवरून भिंतीवर चढत होता, भिंतीवरून छताला जात होता. खोली कुणाची तरी वाट बघत होती. कोनाड्यात चामुंडीच्या चित्रापुढं समई होती. त्या जवळ गेल्या. समईला ज्योत नव्हती.

बाई ताडकन उठून बसल्या.

“सौम्या! तो फोन आण. अगदी सुरुवातीचं लाव, रिकामी खोली.”

स्वप्न खरं निघालं. सकाळच्या तुकड्यात कोनाड्यात ज्योत दिसत होती. दुपारच्या तुकड्यातही. पण सुरुवातीच्या रिकाम्या खोलीत उजेड दुपारचा होता, तरी समई कोरडी होती.

“तुमच्याकडे पहिलं चित्र देवीचं घेतात ना?”

“हो, मिस. ज्या त्या दिग्दर्शकानं स्वतःच्या हातानं समई लावायची, देवीचं चित्र घ्यायचं, मग काम. अप्पांचा नेम आहे.”

“मग हा तिसरा दिवस आहे. कुणीतरी खोली उघडली, कोपऱ्यातला कॅमेरा चालू केला, दिवसभर बसलं, आणि दिवा लावला नाही.”

“पण दिवा का नाही लावायचा?” सौम्यानं विचारलं.

नागरत्नाबाई चपला घालत होत्या.

५

रक्षितची खोली कुवेंपुनगरात, बाईंच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, वरच्या मजल्यावर होती. दार उघडलं तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती. एरवी तो वाकून नमस्कार करी. आज हात मागे बांधून उभा राहिला.

“बसा अक्का.”

बाई बसल्या. रक्षितच्या हातची कॉफी म्हणजे सगळ्या युनिटला ठाऊक असलेली गोष्ट. पेल्यावर फेस कसा उभा राहायला हवा, यावर तो तासभर बोलू शके. आज कॉफीचं नाव निघालं नाही. गॅसही थंड होता.

“माघार का घेतलीस रे?”

“जमायचं नाही वाटलं.”

“पांढरी डबी बघितलीस?”

“ऐकलं.” तो खिडकीबाहेर बघत होता. “चांगलं आहे म्हणे.”

“तुझं आहे का?”

“नाही, अक्का. माझं नाही ते.” त्यानं हे इतकं सरळ, इतकं शांतपणे सांगितलं की बाईंना क्षणभर आपलंच चुकल्यासारखं वाटलं. खोटं बोलताना मुलांचे डोळे कसे होतात ते त्या जन्मभर बघत आल्या होत्या. हे तसे नव्हते.

त्या उठल्या. दाराशी आल्यावर सवयीनं म्हणाल्या, “बराय रक्षित, येते मी.”

तो दचकला. ओठ हलल्यासारखे झाले, पण तो काही बोलला नाही. त्यानं मान खाली घातली.

नागरत्नाबाई जिन्यातच कठडा धरून थांबल्या.

“काय झालं मिस?” खालून सौम्यानं विचारलं.

“याच्या गावी, बेट्टदपुरला, कुणी आहे का गं याचं?”

“मोठे काका आहेत. त्यांनीच वाढवलं त्याला. त्याची पाळी यायच्या आदल्या दिवशी तो गावाला गेला होता, रातोरात परत आला. का हो?”

“आहेत म्हणू नको,” बाई म्हणाल्या. “होते.”

६

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजमध्ये सगळे जमले. श्रीवत्स फोन हातात धरून बसला होता. भागीदारांना काय सांगायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं. हरिणी मागच्या खुर्चीवर. भागीरथीबाईंनी शाल गुंडाळून घेतलेली. रक्षित आला, पण उंबऱ्याबाहेरच भिंतीला टेकून उभा राहिला.

“आत ये की रे,” जगन्नाथराव म्हणाले.

“त्याला तिथंच राहू द्या,” नागरत्नाबाई म्हणाल्या. “तुमच्या पडद्याशेजारी देवीचा फोटो आहे.”

मग त्यांनी सांगितलं, मुलांना सांगावं तसं, एकेक पायरी. सकाळचं ऊन, दुपारचा उजेड, कोपऱ्यातला कॅमेरा. विसरलेलं वाक्य. कोरडी समई. “खोली उघडून जो दिवसभर बसला, त्यानं समई का लावली नाही? देव मानत नाही म्हणून? मग त्याच्या खोलीत चूल का थंड होती? मला कॉफी का दिली नाही? नमस्कार का केला नाही? रक्षित, तुला सुतक आहे. काका गेले ना?”

रक्षितनं मान हलवली.

“अरे वेड्या,” जगन्नाथराव उठून उभे राहिले. “मला सांगायचंस!”

“सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता, सर. भुवन थांबला नसता. तुम्हाला मधल्या मध्ये अवघड.” तो उंबऱ्याकडे बघत पुढं म्हणाला, “आणि तसाच दिवा लावावा असं मनाला पटेना. काकांनी शिकवलंय सगळं. म्हणून सगळ्यांना घरी पाठवलं आणि खोलीत बसून राहिलो. कुठं जाऊ ते सुचत नव्हतं. कॅमेरा सवयीनं चालू केला.”

“मग?”

“मग मशीनपाशी येऊन बसलो. तेही सवयीनंच. आदल्या दिवशी बेट्टदपुरला माणसं भेटायला येत होती. बसत होती, काहीतरी बोलत होती, आणि तशीच उठून जात होती. काकू प्रत्येकाच्या पाठीमागं दाराकडे बघत राहायची. मशीनवर भुवन उठून गेला, आणि भागीरथीअम्मा दाराकडे बघत राहिल्या.” त्यानं हातानं तोंड पुसलं. “मी नुसतं वेगळं काढून ठेवलं, सर. नेहमी ठेवतो तसं. हे दोघं बघतील, आपल्या सीनमध्ये घेतील, असं वाटलं. डबीत घातलं म्हणजे तुमच्या नजरेला पडेल. पण मी काही चित्रित केलं नाही. नट माझ्यासमोर उभा नव्हता. ते माझं कसं होईल?”

बाईंना त्याच्या सरळ नजरेचा अर्थ आता लागला. तो खोटं बोललाच नव्हता.

“कुणाचंच नाही म्हणतोस?” जगन्नाथराव म्हणाले. “कॅमेरा माझा, दिवस या दोघांचा, चूक भुवनची, चेहरा भागीरथीबाईंचा. ते सगळं इथंच पडलेलं होतं. मी मालक, आणि मला दिसलं नाही. रक्षित, दहावा मार्तंड तू करशील?”

“हे दोघं हो म्हणाले तर. दिवस त्यांचे आहेत.”

“माझं हो,” हरिणी लगेच म्हणाली. मग जरा हसून, “पण माझ्या पुढच्या सिनेमाला तू येऊन बसायचंस. कोपऱ्यात.”

सगळ्यांच्या नजरा श्रीवत्सकडे वळल्या. त्याचा फोन थरथरत होता. भागीदारांचा.

“मी अजून ते पूर्ण बघितलेलं नाही,” तो कन्नडात म्हणाला. “लावा.”

सौम्यानं पडदे ओढले. रिकामी खोली आली, म्हातारी आली, मार्तंड आला. श्रीवत्स गुडघ्यांवर कोपर टेकून बघत होता. मार्तंड उठून गेला. म्हातारीचा हात थांबला.

“इथं,” श्रीवत्स स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला. “इथं मी ‘कट’ म्हणालो.”

दाणे वेचून होईपर्यंत तो हलला नाही. दिवे लागल्यावर त्यानं फोन कानाला लावला. पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. शेवटी तो म्हणाला, “हो, नाव ठरलंय. माझं नाही. लिहून घ्या, रक्षित.” पलीकडून पुन्हा काहीतरी विचारणं झालं असावं.

“त्यानं काय केलंय?” श्रीवत्सनं उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं. “इथं या तुम्ही. फोनवर सांगता येत नाही. बघायला लागेल.”